वेलिमचं वर्तुळ: भाड्याने घ्यावं की भागीदार करावं?

प्रागहून पूर्वेला कोलीनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वेलिम आणि त्सेरहेनित्से ही दोन लहान गावं लागतात. त्यांच्या शेजारी, शेतांच्या मधोमध, रुळांचं एक मोठं लांबट वर्तुळ आहे. हा वर्तुळाकार चाचणी मार्ग १९६३ साली सुरू झाला. तो कोणत्याही गावाला जात नाही, पण युरोपातल्या कितीतरी इंजिनांनी, डब्यांनी आणि ट्रामगाड्यांनी प्रवासी घेण्याआधी इथेच फेऱ्या मारल्या आहेत. वर्तुळ चालवणारी संस्था म्हणजे झेक प्रजासत्ताकाची रेल्वे संशोधन संस्था, वीझ्कुम्नी ऊस्ताव झेलेझ्निच्नी. सगळे तिला आद्याक्षरांनी व्हीयूझेड म्हणतात. २००५ पासून ती कंपनी म्हणून चालते आणि तिची पूर्ण मालकी चेस्के द्राही या झेक सरकारी रेल्वे कंपनीकडे आहे.

हे परीक्षण दोन गोष्टींचं आहे. एक, चाचणीची जागा म्हणून वेलिम कसं आहे. दोन, युरोपीय निधीवर चालणाऱ्या संयुक्त संशोधनात अशी राष्ट्रीय संस्था भागीदार म्हणून घेतली तर पदरात काय पडतं. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना चाचणी संस्थेचं नाव शेवटच्या कामगटात टाकलं जातं, तिसाव्या महिन्यानंतर, जणू ती मंगल कार्यालयासारखी तारीख पाहून घ्यायची जागा आहे. तिथेच निम्मा प्रकल्प वाया जातो. पुण्यातल्या कित्येक अभियांत्रिकी कार्यालयांतून युरोपीय गाड्यांचं डिझाइन आणि आकडेमोड चालते. त्या मंडळींच्या टेबलावर वेलिमचे अहवाल येतच असतात, तेव्हा ते आकडे कोणत्या रुळांवर जन्मतात हे नीट कळलेलं बरं.

आधी जागा. मोठं वर्तुळ १३.२७६ किमी लांब. दोन्ही टोकांच्या वळणांची त्रिज्या १४०० मीटर, वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा १५० मिमी उंच, आणि दोन वळणांना जोडणारे दोन सरळ भाग प्रत्येकी दोन किलोमीटरला थोडे कमी. साध्या गाडीला कमाल वेग ताशी २१० किमी, कलणाऱ्या डब्यांच्या गाडीला २३०. ताशी २०० ने एक फेरी साधारण चार मिनिटांत पुरी होते.

या आकड्यांतच वर्तुळाचा सगळा स्वभाव आहे. १४३५ मिमी गेजवर वळणासाठी लागणारी रुळाची उंची काढायला ११.८ गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र चालतं. (आपल्या ब्रॉडगेजला याच जागी १३.७६ घेतात, कारण रुळांमधलं अंतर जास्त.) ताशी २१० ला उत्तर येतं ३७२ मिमी. प्रत्यक्षात उंची आहे १५० मिमी. म्हणजे २२२ मिमीची तूट, ज्याला रेल्वेवाले कॅन्ट डेफिशियन्सी म्हणतात. प्रवासी गाडीला रोजच्या मार्गावर मिळते त्यापेक्षा ही तूट बरीच जास्त आहे. गाडी बाहेरच्या बाजूला रेलते, बाहेरच्या चाकांवर भार चढतो, डबा पेलणाऱ्या वरच्या (दुय्यम) स्प्रिंगा एका बाजूला दबतात. ताशी २३० ला तूट २९६ मिमीवर जाते, म्हणून तो वेग फक्त कलणाऱ्या गाड्यांना. उलट ताशी १२० ला लागणारी उंची १२१ मिमीच निघते, म्हणजे मालगाडीला इथे उंची उरतेच आणि भार आतल्या रुळाकडे झुकतो. एकाच वळणावर वेग बदलून भार या रुळावरून त्या रुळावर ढकलता येतो. संशोधकाला हेच हवं असतं. चालू मार्गावर असं करायला वेगवेगळी वळणं शोधत देशभर फिरावं लागलं असतं.

दुसरी बाजूही याच भूमितीतून येते. वर्तुळाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग वळणात आहे आणि वळण नेहमी एकाच हाताला आहे. दीर्घ पल्ल्याच्या चाचणीत दिवसाला हजार किलोमीटर घालायचे तर ताशी १०० च्या सरासरीने ७५ फेऱ्या आणि दहा तास लागतात. या दहा तासांत गाडीची एकच बाजू सतत बाहेर असते. पुष्कळांना वाटतं की फेऱ्यांची दिशा उलटी केली की झीज सारखी होईल. तसं होत नाही. गाडी उलट पळवली की बोगीतला (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चाकांची चौकट) पुढचा आणि मागचा धुरा, म्हणजे चाकांच्या जोडीचा दांडा, आपली जागा बदलतात, एवढंच. बाहेरची बाजू बाहेरच राहते. दोन्ही बाजूंची झीज सारखी हवी असेल तर अख्खी गाडी रुळांवर फिरवून तिचं तोंड बदलावं लागतं, आणि त्यासाठी वेगळा वेळ धरावा लागतो. चाकाच्या झिजेवरचा संशोधन अहवाल वाचताना गाडी किती फेऱ्यांनी फिरवली हे त्यात लिहिलंय का, ते आधी पाहावं. नसेल तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या चाकांचे आकडे एकत्र करून काढलेल्या सरासरीवर भिस्त ठेवू नये.

लहान वर्तुळ ३.९५१ किमीचं आहे. त्यात ३००, ४५०, ६०० आणि ८०० मीटर त्रिज्येची वळणं आहेत. वेग कमी, पण मालडबा आणि ट्रामच्या कामासाठी हेच जास्त उपयोगी. चाकाचा काठ रुळाच्या अंगाला घासतो, किंचाळतो, आणि चढायला बघतो तो अशाच वळणांवर.

वीज हा वेलिमचा सर्वांत भक्कम भाग. युरोपातल्या मुख्य मार्गांवरच्या चारही पद्धती इथे वायरमध्ये मिळतात: २५ किलोव्होल्ट ५० हर्ट्झ, १५ किलोव्होल्ट १६.७ हर्ट्झ, ३ किलोव्होल्ट डीसी आणि १.५ किलोव्होल्ट डीसी. १५ किलोव्होल्ट ही पद्धत मूळची जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडची. झेक मार्गांवर चालतात त्या ३ किलोव्होल्ट डीसी आणि २५ किलोव्होल्ट एसी. तरी ती वेलिममध्ये ठेवली आहे. सीमा ओलांडणाऱ्या इंजिनाला सगळ्या पद्धती एकाच जागी, एकाच रुळावर, एकाच हवामानात तपासून मिळतात.

याचा फायदा पेंटोग्राफच्या, म्हणजे छपरावरून वायरला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, कामात दिसतो. पेंटोग्राफने वायरला किती दाबायचं याची सरासरी मर्यादा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. एसीला ताशी २०० पर्यंत ती ०.०००४७ गुणिले वेगाचा वर्ग अधिक ९० न्यूटन अशी आहे, म्हणजे २०० ला साधारण १०९ न्यूटन. ३ किलोव्होल्ट डीसीला ०.०००९७ गुणिले वेगाचा वर्ग अधिक ११०, म्हणजे त्याच वेगाला १४९. डीसीमध्ये करंट मोठा, म्हणून संपर्क जास्त घट्ट हवा. दाब कमी पडला तर ठिणग्या उडतात आणि कार्बनची पट्टी जळते, जास्त झाला तर वायर उचलली जाते आणि आधारांपाशी झिजते. शिवाय दाबाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, सरासरीच्या ०.३ पटीच्या आत राहावं लागतं. खरी परीक्षा तिथेच होते, कारण सरासरी स्प्रिंग फिरवून बसवता येते, विचलन बसवता येत नाही. बंदिस्त वर्तुळावर तीच वायर दर चार मिनिटांनी पुन्हा येते, त्यामुळे कोणत्या खांबापाशी दाब कोसळतो हे फेरीमागून फेरी पडताळता येतं आणि दोष गाडीचा की वायरचा हे वेगळं काढता येतं.

ब्रेकच्या चाचण्यांना सरळ भाग पुरतो, पण जेमतेम. ताशी २०० वरून सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरत गेला तर थांबायला सुमारे १५४० मीटर लागतात, आणि ब्रेक पूर्ण लागेपर्यंतचे दोन-तीन सेकंद धरले तर आणखी शंभरेक मीटर. दर ०.८ वर आला की १९३० मीटर, म्हणजे सरळ भाग संपला. गाडीचा शेवट वळणात झाला की वळणाचा विरोध ब्रेकच्या खात्यात जमा होतो आणि थांबण्याचं अंतर खोटं चांगलं दिसतं. म्हणून या वेगाला ब्रेक लावण्याचा बिंदू मीटरच्या हिशेबाने ठरवून घ्यावा. चालकाच्या अंदाजावर सोडू नये. १६० आणि त्याखालच्या वेगाला ही काळजी उरत नाही.

आवाजाची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. रुळाच्या मध्यापासून ७.५ मीटरवर, रुळाच्या माथ्यापासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन. मालडबा ताशी ८० ने समोरून जातो, आणि युरोपीय नियमाची मर्यादा ८३ डेसिबल. ऐकायला सोपं. पण मायक्रोफोन लावण्याच्या आधी दोन दिवस माणसं रुळावर वाकलेली असतात. एक उपकरण रुळाच्या माथ्यावरून सरकवून त्याचा खडबडीतपणा मायक्रोमीटरमध्ये मोजतात. मग रुळावर हातोडी मारून कंपन किती अंतरात विरतं ते बघतात. रूळ जितका जास्त वेळ घणघणत राहील तितका तो स्वतःच आवाज करणार, आणि तो आवाज डब्याच्या माथी लागणार. या दोन मोजण्या संदर्भ-मर्यादेत बसल्या तरच निकालाची दुसऱ्या ठिकाणच्या निकालाशी तुलना करता येते. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की काम थांबतं. दूरच्या ट्रॅक्टरचा आवाजही नडतो, कारण परिसराचा आवाज मोजायच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल खाली हवा. आजूबाजूला शेती असलेल्या जागी पेरणी-कापणीच्या दिवसांत पहाटेची वेळ मागून घेणं शहाणपणाचं.

आता वेलिममध्ये काय होत नाही. गाडीच्या चालण्याची, म्हणजे रुळावर स्थिर राहण्याची पूर्ण स्वीकृती-चाचणी एकट्या वर्तुळावर पुरी होत नाही. हा कोणाचा दोष नव्हे, संख्याशास्त्राची अट आहे. ईएन १४३६३ हे युरोपीय मानक गाडीला चार प्रकारच्या रुळांवर तपासायला सांगतं: सरळ, मोठ्या त्रिज्येची वळणं, ४०० ते ६०० मीटरची वळणं, आणि २५० ते ४०० मीटरची वळणं. प्रत्येक प्रकारात रुळाचे पुरेसे वेगवेगळे तुकडे हवेत, साधारणपणे किमान २५, आणि तिसऱ्या प्रकारात ५०. वेगवेगळे हा शब्द कळीचा. लहान वर्तुळावर ३०० आणि ४५० मीटरची वळणं आहेत, त्यामुळे शेवटच्या दोन प्रकारांची चव मिळते. पण त्याच वळणावर पन्नास फेऱ्या मारल्या म्हणून पन्नास तुकडे होत नाहीत. रुळाचा तोच खड्डा, तोच सांधा, तीच खडी पन्नास वेळा मोजली जाते. आकडे एकमेकांच्या फार जवळ येतात, विचलन लहान दिसतं, आणि गाडी आहे त्यापेक्षा शहाणी भासते. म्हणून वर्तुळावर आधी सुरक्षिततेची खात्री करून घ्यावी, मोजमापाची यंत्रं जुळवावीत, आणि मग चालू मार्गावर जावं. आपल्याकडे आरडीएसओ ही भारतीय रेल्वेची संशोधन संस्था ऑसिलेशन ट्रायल, म्हणजे धावत्या गाडीचे हेलकावे मोजणारी चाचणी, चालू मार्गावर घेते, जशी २०१८ साली ट्रेन १८ ची (आजची वंदे भारत) कोटा–सवाई माधोपूर भागावर ताशी १८० ने घेतली. त्यात रुळांची विविधता आपोआप मिळते, पण नेमकेपणाने पुनरावृत्ती करता येत नाही. वेलिमचं याच्या बरोबर उलटं आहे. दोन्ही लागतं.

इथून पुढे संशोधनाकडे वळू.

युरोपात रेल्वेचं संयुक्त संशोधन नवं नाही. १९५० साली युट्रेख्तमध्ये ओआरई नावाची सामाईक संस्था निघाली. देशोदेशीच्या रेल्वे तिच्या समित्यांवर आपले अभियंते पाठवायच्या, आणि चाचणीचं काम ज्या त्या राष्ट्रीय संस्थेकडे वाटून दिलं जायचं. पुढे ईआरआरआय या नावाने चाललेली ती संस्था या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि तिची जागा ठरावीक मुदतीच्या, निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांनी घेतली. २०१४ ला शिफ्टटूरेल हा युरोपीय संघाचा रेल्वे संशोधन कार्यक्रम आला, सुमारे ९२ कोटी युरोंचा. २०२१ ला त्याच्या जागी युरोप्स रेल, सुमारे १२० कोटींचा. पैसा वाढला, पण एक गोष्ट गेली. समिती कायमची होती, प्रकल्प तीन-चार वर्षांत संपतो. चाचणीच्या कच्च्या नोंदी, मोजमापाची पद्धत, आधीच्या वेळी काय फसलं याची आठवण हे सगळं टिकवून ठेवणारी जागा आता राष्ट्रीय संस्था हीच उरली आहे. भागीदार म्हणून तिची खरी किंमत इथे आहे. वर्तुळ तर पैसे मोजून कोणालाही मिळतं.

याचा सर्वांत चांगला दाखला वेलिमचा नसून शेजारच्या पोलंडचा आहे. वॉर्साची रेल्वे संस्था, आजची इन्स्तितुत कोलेयनित्स्तवा, लोअर सायलेशियातल्या झ्मिग्रूदजवळ ७.७ किमीचं वर्तुळ चालवते. ते १९९६ पासूनचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सेफट्रेन या युरोपीय प्रकल्पात खरेखुरे डबे एकमेकांवर आदळवून पाहण्याचं काम तिथे झालं. आधी संगणकावर डब्याचं तोंड कसं चुरगळेल याचा अंदाज, मग प्रत्यक्ष धडक, मग अंदाजात कुठे चूक होती त्याचा हिशेब. त्यातून आणि पाठोपाठच्या सेफट्रॅम प्रकल्पातून ईएन १५२२७ हे मानक घडलं, २००८ साली छापलं गेलं. आज युरोपात मुख्य मार्गांसाठी विकली जाणारी नवी प्रवासी गाडी त्याच्या कसोट्यांना उतरते: तशीच दुसरी गाडी समोरून ताशी ३६ ने, ८० टनांचा मालडबा ताशी ३६ ने, फाटकावर १५ टनांचा अडथळा कमाल ताशी ११० ने, आणि रुळावरची लहान वस्तू बाजूला लोटणारी पुढची पट्टी. पहिल्या दोन धडकांत माणसांच्या जागी सरासरी ५ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्वरण) वर झटका बसता कामा नये, तिसरीत ७.५ जीच्या वर नाही. पहिल्या कसोटीत दोन गाड्यांच्या उंचीत मुद्दाम ४० मिमीचा फरक धरतात. ही अट फार मोलाची आहे. झिजलेली चाकं आणि दबलेल्या स्प्रिंगा यांमुळे खऱ्या अपघातात गाड्या कधीच सारख्या उंचीवर भेटत नाहीत, आणि एक डबा दुसऱ्याच्या डोक्यावर चढला की माणसं मरतात. सारख्या उंचीवर आदळवलेल्या गाडीने सगळी ऊर्जा छान शोषली तरी त्याला काही अर्थ नसतो.

व्हीयूझेड स्वतः डी-रेल या प्रकल्पात भागीदार होती. २०११ ते २०१४ चा हा प्रकल्प, विषय मालगाड्या रुळावरून घसरण्याचा. घसरण्याच्या मुख्य कारणांची त्याने जी यादी धरली तीत धुरा तुटणं, रुळांमधलं अंतर वाढणं, चाक निकामी होणं, एकीकडे झुकलेला माल, रुळाला पीळ (थोड्या अंतरात एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर-खाली होणं), रूळ तुटणं, स्प्रिंगा बिघडणं ही कारणं होती. यातलं झुकलेल्या मालाचं उदाहरण घेऊ. माल भरण्याचा नियम सांगतो की एका धुऱ्याच्या दोन चाकांवरच्या भारांचं प्रमाण १.२५ ला १ च्या आत असावं. समजा एका धुऱ्यावर २० टन आहेत, तर हलक्या चाकावर ८.९ टनांपेक्षा कमी नको. तो कमी झाला आणि त्यात रुळाला पीळ असला की हलकं चाक आणखी उचललं जातं. बाजूचा धक्का तोच, उभा भार कमी. आडव्या बलाला उभ्या बलाने भागून येणारा आकडा वाढतो. चाकाच्या काठाचा कोन ७० अंश आणि घर्षण ०.३६ धरलं तर तो १.२ ला पोहोचला की चाक रुळावर चढू शकतं. धावत्या गाडीच्या चाचणीत मर्यादा ०.८ ठेवतात ती मधलं अंतर राखण्यासाठी.

रुळाचा पीळ ट्रॅकवाले मोजतात, माल भरणारा माल भरतो, डबा तिसऱ्याचा असतो. प्रत्येकाची गोष्ट आपापल्या मर्यादेत असते आणि गाडी तरी घसरते. अशा प्रश्नाला डबा, रूळ आणि भार तिन्ही हवे तसे बदलून एकाच जागी मोजू शकणारी संस्था लागते. रूळमालकाला आपल्या रुळात दोष निघायला नको असतो, कारखान्याला डब्यात. चाचणी संस्थेला निकाल कोणत्या बाजूने लागतो याचं सोयरसुतक नसावं, आणि बहुतेक वेळा नसतं.

बहुतेक वेळा, असं म्हणण्याचं कारण मालकी. व्हीयूझेड ही गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीची आहे. वेगबर्ग-विल्डेनराथचं जर्मन केंद्र गाड्या बनवणाऱ्या सीमेन्सचं आहे. पोलंडची संस्था सरकारी. यातलं कुठलंच स्वतःहून चांगलं किंवा वाईट ठरत नाही, पण प्रकल्पाच्या करारात त्याचा विचार हवा. कच्च्या नोंदी कोणाला दिसतील, गाडीच्या मालकाला निकाल आधी की सगळ्या भागीदारांना एकदम, हे सहीच्या आधी लिहून घ्यावं. शिवाय व्हीयूझेड अधिसूचित प्रमाणन संस्थाही आहे, म्हणजे गाडी युरोपीय नियमांत बसते असा दाखला तीच देते. संशोधनात जिने एखाद्या भागाच्या रचनेत हात घातला त्याच टीमने पुढे त्याचा दाखला देणं नियमाला धरून नाही. प्रस्तावातच माणसांची नावानिशी वाटणी केली की नंतर अडत नाही. मोजणारी टीम वेगळी, रचनेवर मत देणारी वेगळी.

पैशाच्या नियमांत लोक सर्वांत जास्त ठेचकाळतात, म्हणून जरा सविस्तर. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधीच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे संशोधन प्रकारच्या प्रकल्पात सर्वांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो. नवोपक्रम प्रकारच्या प्रकल्पात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ७० टक्के आणि ना-नफा संस्थेला १००. कंपनी म्हणून नोंदलेली राष्ट्रीय संस्था आणि सरकारी राष्ट्रीय संस्था यांच्यात इथेच ३० टक्क्यांचा फरक पडतो. वरखर्चापोटी २५ टक्के सरसकट मिळतात, पण ते उपकंत्राटावर मिळत नाहीत, आणि संस्थेने स्वतःच्याच विभागाकडून अंतर्गत दराने घेतलेल्या सेवेवरही नाहीत. वर्तुळाचे तास बहुधा याच अंतर्गत दरात येतात. तेव्हा वर्तुळाचा खर्च पगारांच्या खात्यात बसवून त्यावर २५ टक्के लावलेला प्रस्ताव तपासणीत कापला जातो. दुसरं, एकाच प्रकल्पातला एक भागीदार दुसऱ्या भागीदाराला उपकंत्राट देऊ शकत नाही. संस्था भागीदार असेल तर चाचणीचे पैसे तिच्याच अंदाजपत्रकात हवेत. गाडीवाल्याच्या अंदाजपत्रकात 'वेलिमचं भाडं' असं लिहून ठेवलं आणि वेलिमवाले त्याच प्रकल्पात भागीदार आहेत, असं झालं की चौथ्या वर्षी हिशेब जुळत नाही.

भागीदार की भाडं, याचं आमचं उत्तर सरळ आहे. मोजमापाची पद्धत आधीच ठरलेली असेल, म्हणजे आवाज, ब्रेक, पेंटोग्राफ अशी मानकात लिहिलेली चाचणी असेल, तर भाड्याने घ्या. स्वस्त पडतं आणि लवकर होतं. पण मोजायचं काय हेच प्रकल्पात ठरणार असेल, जसं धडकेचं किंवा घसरण्याचं झालं, तर पहिल्या महिन्यापासून भागीदार करा. नव्या पद्धतीची अनिश्चितता किती, दोन प्रयोगशाळांत तोच आकडा येतो का, पद्धत मानक समितीपुढे टिकेल का, हे प्रश्न गाडी बनवणाऱ्याला सुचत नाहीत. मोजणाऱ्याला पहिल्या बैठकीत सुचतात.

वेळापत्रकाबद्दल. उशीर बहुतेक वेळा वर्तुळामुळे होत नाही, नमुन्यामुळे होतो. नवी बोगी, नवा ब्रेक ठरल्या तारखेला येत नाही, वर्तुळाची तारीख जाते, आणि पुढची मिळेपर्यंत हिवाळा लागतो. ओला रूळ, बर्फ, वारा यांमुळे ब्रेक आणि आवाज दोन्हींची कामं अडतात. मध्य युरोपात ही कामं एप्रिल ते ऑक्टोबरात धरावीत आणि प्रस्तावात एक राखीव तारीख मागून ठेवावी. नमुना आला तरी मोजमापाची धुरी, म्हणजे बल मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवलेला चाकांचा संच, आधी प्रयोगशाळेत भार देऊन पारखावा लागतो. त्याला काही आठवडे जातात, आणि वेळापत्रकात तो चौकोन कोणी काढलेलाच नसतो.

पत्र लिहिताना इतकं विचारावं: त्या आठवड्यात मोठ्या वर्तुळावर आणखी कोणाच्या गाड्या आहेत, वायरमध्ये कोणता व्होल्टेज असेल आणि बदलायला किती वेळ लागतो, रुळाचा खडबडीतपणा शेवटचा कधी मोजला आणि तो अहवाल मिळेल का, माथा घासून दुरुस्ती ठरलेली आहे का, आणि गाडीचं तोंड फिरवून हवं असेल तर त्याचे तास भाड्यात धरले आहेत की वेगळे. माथा घासल्यानंतर लगेचच्या दिवसांत रूळ जास्तच आवाज करतो, पुरेशा गाड्या त्यावरून गेल्यावर शांत होतो. आवाजाची चाचणी असेल तर तारीख त्यानंतरचीच घ्या.